कॉम्प्युटरमध्ये १४, रॅकवर शून्य

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी अठराशे चौरस फुटांचं सुपर मार्केट, साडेचार हजारांच्या आसपास वस्तू, हाताखाली सात माणसं, बिलिंगचं सॉफ्टवेअर. तरी रोज संध्याकाळी दोन-चार गिऱ्हाइकं हात हलवत परत जातात. परवा कांदा-लसूण मसाल्याचं २०० ग्रॅमचं पाकीट रॅकवर एकही नव्हतं आणि कॉम्प्युटर १४ दाखवत होता. दर मार्चअखेर दोन दिवस शटर ओढून सगळा माल मोजता, जूनपर्यंत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मुलगा म्हणतो आरएफआयडी लावू, म्हणजे प्रत्येक वस्तूला रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारा टॅग. तुमचा संशय कामावरच्या पोरांवर आहे.

मी अकरा वर्षं एका साखळी दुकानांच्या कंपनीत पुण्याला आणि नाशिकला स्टोअर मॅनेजर होतो. गेली आठ-नऊ वर्षं तुमच्यासारख्या मालकांच्या दुकानात बसून मालाचा मेळ लावून देण्याचं काम करतो. हे दुखणं तुमच्या एकट्याचं नाही, हे आधी सांगतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी संशोधकांनी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या होत्या. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६५ टक्के नोंदी जुळल्याच नाहीत. स्कॅनर होते, हिशेबनीस होते, वर्षाची मोजणी होती, तरी हे. तेव्हा 'आपल्याकडची माणसंच तशी' हे डोक्यातून काढून टाका.

तो मसाल्याचा १४चा आकडा नीट बघा, कारण सगळं दुखणं त्यात आहे. आमच्याकडे त्याला 'भुताचा स्टॉक' म्हणायचे. कॉम्प्युटरमध्ये १४ आहेत म्हणून ऑर्डरच्या यादीत मसाला येत नाही. यादीत नाही म्हणून सेल्समनला कोणी सांगत नाही. रॅकवर नाही म्हणून विकला जात नाही. विकला जात नाही म्हणून १४चे १३ होत नाहीत. पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअर सरासरी काढतं, खप शून्य. मग तुम्हीच कोणाला तरी म्हणता, 'हा मसाला चालत नाही, बंद करा.' चालती वस्तू अशी कॉम्प्युटरच्या हातून मरते आणि तिच्या नावानं कोणी रडतही नाही. उलटी चूक, म्हणजे माल आहे पण कॉम्प्युटर शून्य म्हणतो, ती निदान डोळ्यांना दिसते. माल दुप्पट येतो, माळा भरतो, कोणीतरी ओरडतं. भुताचा स्टॉक ओरडत नाही.

आता ही भुतं येतात कुठून? माल दुकानात ज्या-ज्या दारानं आत-बाहेर होतो, त्या प्रत्येक दाराशी. मार्चची मोजणी आकडा दुरुस्त करते, दार दुरुस्त करत नाही. जूनमध्ये पुन्हा तेच होतं ते याच्यामुळे.

सगळ्यात मोठं दार म्हणजे तुमचं बिलिंग काउंटर. उद्या संध्याकाळी सात ते आठ काउंटरच्या मागे नुसते उभे राहा, काही बोलू नका. एक बाई येतील, साबणाच्या सहा वड्या घेऊन. दोन चंदन, दोन गुलाब, दोन लिंबू. किंमत एकच. मागे रांग आहे. काउंटरवरची मुलगी चंदनाची वडी स्कॅन करील आणि ६ दाबील. बिल बरोबर, पैसे बरोबर, बाई खूश. समजा सकाळी तिन्ही वास वीस-वीस होते. आता रॅकवर प्रत्येकी अठरा आहेत आणि कॉम्प्युटरमध्ये चंदन १४, गुलाब २०, लिंबू २०. बेरीज करून बघा: रॅकवर ५४, कॉम्प्युटरमध्ये ५४. मार्चमध्ये तुम्ही रुपयांत मेळ घेता तेव्हा हा घोटाळा दिसणारच नाही, कारण रुपयांत घोटाळा झालेलाच नाही. पण असं रोज चाललं की महिन्याभरात चंदन शून्याखाली जातो, आणि गुलाब रॅकवरून संपलेला असतो पण कॉम्प्युटरमध्ये भरलेला. नूडल्सचे प्रकार, बिस्किटांची क्रीम, वेफर्सचे स्वाद, शाम्पूच्या लडी, जिथे एकाच किमतीची भावंडं शेजारी बसतात तिथे हेच.

यावर भाषण उपयोगाचं नाही. मी काउंटरवरच्या पोरींना एवढंच सांगतो: एकसारख्या दहा पुड्या असतील तर आकडा दाबा, वेगळा रंग दिसला की वेगळा स्कॅन. आणि त्यांना रांगेची भीती वाटू नये म्हणून सात ते नऊ एक पोरगा पिशव्या भरायला द्या. वेळ स्कॅन करण्यात जात नाही, पिशवी भरण्यात जातो.

दुसरं दारही त्याच काउंटरवर. बारकोड चुरगळलेला असतो, लागत नाही. मग नावानं शोधतात, 'मसाला' टाइप केलं की बारा नावं येतात, पहिलं बरं वाटतं ते निवडतात. तुमच्या मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंच्या मूळ यादीत, नावं कशी आहेत तेही बघा. 'मसाला २००', 'मसाला २०० न्यू', 'मसाला २०० ग्रॅ.' अशी तीन नावं मला बहुतेक दुकानांत सापडतात. तीन नावांचा एकच माल म्हणजे तीन चुकीचे आकडे.

याचं ताजं उदाहरण सगळ्यांनी भोगलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे दर बदलले. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. रॅकवर जुन्या छापील किमतीचा माल, मागून नव्या किमतीचा माल, बारकोड मात्र तोच. आपल्याकडचा ८९० नं सुरू होणारा तेरा आकडी बारकोड फक्त वस्तू कोणती ते सांगतो. छापील किंमत त्यात नसते. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वस्तूखाली वेगवेगळ्या किमतींच्या बॅच ठेवायची सोय होती त्यांनी निभावलं. बाकीच्यांनी घाईत नवी नावं उघडली. जुन्या नावाखाली शिल्लक तशीच, नव्या नावाखाली विक्री उणे. तुमच्या यादीत सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये उघडलेली नावं काढून बघा. माझी खात्री आहे, निम्मी भुतं तिथे राहतात. तसं असेल तर दोन्ही नावांचा माल एकत्र मोजा, एक नाव ठेवा, दुसरं बंद करा. पुसू नका, बंद करा. जुन्या बिलांचा संबंध त्याच्याशी असतो.

तिसरं दार म्हणजे माल उतरतो ते. डिस्ट्रिब्युटरचा छोटा हत्ती नेमका गर्दीच्या वेळी दारात येतो. ड्रायव्हरला पुढची सहा दुकानं करायची असतात. तुमचा पोरगा खोकी मोजतो, बिलावर सही करतो, बिल खिळ्याला लागतं. रात्री दुकान बंद करताना दुसराच माणूस, ज्यानं माल पाहिलेलाही नाही, बिल बघून कॉम्प्युटरमध्ये चढवतो. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जे आहे ते आलेला माल नसून डिस्ट्रिब्युटरनं लिहिलेला माल आहे. दोन्ही एकच असतील असं कोणी सांगितलं?

इथे तीन ठिकाणी ठेच लागते. एक, स्कीमचे फुकट नग. बारावर एक फुकट असेल तर बिलावर १२ एका रकान्यात आणि १ दुसऱ्यात असतो. चढवणारा १२ चढवतो. दोन, अर्धं आलेलं. 'उरलेली दोन खोकी उद्या आणून देतो' म्हणून ड्रायव्हर गेला, बिल पूर्ण चढलं, उद्या कोणी विचारलं नाही. तीन, आणि ही फार छुपी आहे, खोक्यातली संख्या. कंपनीनं खोक्यात २४ ऐवजी २० पुडे भरायला सुरुवात केली, तुमच्या मास्टरमध्ये एक खोकं बरोबर २४ असंच राहिलं. प्रत्येक खोक्यामागे चार भुतं आपोआप जन्माला येतात, चोर नाही, चूक करणारा नाही. एवढ्याशा गोष्टीनं केवढं होतं ते टार्गेट या अमेरिकी कंपनीनं कॅनडात अनुभवलं. २०१३ मध्ये तिथे दुकानं उघडायला घेतली, १३३ पर्यंत नेली, आणि जानेवारी २०१५ मध्ये सगळी बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारणं बरीच होती, पण त्यातलं एक मोठं कारण मास्टरमधली चुकीची माहिती: खोक्याची मापं, खोक्यातली संख्या. गोदामं तुडुंब आणि रॅक रिकामे.

तुमच्यासाठी उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. माल घ्यायची वेळ ठरवा, सकाळी दहा ते एक, आणि सगळ्या डिस्ट्रिब्युटरांना सांगा. पहिले पंधरा दिवस ते कुरकुरतील, मग सवय होते. सगळ्यांनाच ठरलेली वेळ परवडते. माल उतरवणाऱ्यानं बिल हातात घेण्याआधी कोऱ्या कागदावर नग लिहायचे, मग बिलाशी ताडायचं. आणि एक नियम कडक: कॉम्प्युटरमध्ये चढल्याशिवाय खोकं फोडून रॅकवर लावायचं नाही. हा नियम मोडला की काय होतं ते मी स्वतः केलेलं आहे. नाशिकला एका दिवाळीत मोती साबणाची पहिली खेप उतरली, गर्दीत कोणीतरी माळ्यावर आट्याच्या पोत्यांमागे रचली, बिल चढवायचं राहिलं. कॉम्प्युटर शून्य म्हणाला, मी घाबरून दुसरी खेप मागवली. नरक चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तो साबण कोण विचारतो? भाऊबीजेनंतर माळा झाडताना पहिली खेप सापडली. पुढे कित्येक महिने माझ्या दुकानात शिरलं की अंगणात उटणं लावून बसल्यासारखा वास यायचा, आणि एरिया मॅनेजर यायचे तेव्हा मला तो जास्तच यायचा.

चौथं दार, सुट्टा माल. साखळी दुकानवाल्यांना याचं फार दुखत नाही, पण तुमच्याकडे साखर, शेंगदाणे, पोहे, डाळी पोत्यानं येतात आणि पाकिटं तुम्ही भरता. पन्नास किलोच्या पोत्याची अर्ध्या किलोची पाकिटं किती? शंभर, असं सॉफ्टवेअर म्हणतं. पण वजन कमी भरणं हा वैध मापन कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून भरणारी मावशी हात सैल सोडते. पाकीट ५०५ ग्रॅमचं झालं तर पन्नास किलोत ९९च पाकिटं होतात. त्यात पोत्याचं स्वतःचं वजन, शेंगदाण्यातले खडे, गुळाची घट. तेव्हा 'पोतं फोडलं की १०० जमा' ही आपोआपची सोय बंद करा. भरून झाल्यावर पाकिटं मोजा आणि तो आकडा चढवा. फरक 'पॅकिंग घट' म्हणून वेगळा लिहा. दोन महिन्यांनी कळेल की कोणत्या मालाला किती घट पडते, आणि भाव लावताना ती धरली होती की नाही.

पाचव्या दाराबद्दल बोलायला कोणी तयार नसतं. ते म्हणजे मालकाचं घर. वहिनी खाली येतात, चहापत्तीचा पुडा आणि अर्धा किलो तूप घेऊन जातात. पाहुणे आले, थंड पेयाच्या दोन बाटल्या गेल्या. मंदिराच्या वर्गणीऐवजी पाच किलो साखर गेली. तुमचंच दुकान आहे, न्या की! फक्त 'घरखर्च' नावाचं खातं उघडा आणि बिल करूनच न्या. यात मेळापेक्षा मोठी गोष्ट आहे. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायचा ती) नसाल तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या, हिशेबातून काढून टाकलेल्या, फुकट वाटलेल्या आणि स्वतःच्या घरी वापरलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. घेतलेलं असेल तर उलटवावं लागतं. फुटलेली बाटली, उंदरानं कुरतडलेला पुडा, मुदत संपलेलं बिस्कीट, यांची वेळच्या वेळी वेगळी नोंद असेल तर तुमच्या सीएला मार्चमध्ये अंदाजपंचे करावं लागत नाही. आणि पोरांच्या दृष्टीनंही बघा: मालक स्वतः बिल करतो हे त्यांनी एकदा पाहिलं की फुटलेला माल गुपचूप मागे टाकायची सवय कमी होते.

आता चोरी. होते, नाही असं नाही. पण चोरी आणि चूक यांचा चेहरा वेगळा असतो. चूक जोडीनं येते: एक वस्तू जास्त, तिचं भावंड कमी. चोरी एकाच बाजूला जाते, फक्त कमी, आणि ठरावीक वस्तूंमध्ये: रेझरची पाती, डिओ, बदाम-काजूची छोटी पाकिटं, तूप, लहान मुलांच्या दुधाची पावडर, चॉकलेटं. तुमच्या तुटीची यादी बघा. तीत साबण, नूडल्स, मसाले असतील तर पोरांवर संशय घेऊन फायदा नाही. तीत काजू-बदाम आणि पाती असतील तर त्या वस्तू काउंटरजवळ, नजरेसमोर आणा. ओळखीच्या माणसाचा एखादा नग स्कॅन न करता पिशवीत जातो, तेही घडतं. त्यावर कॅमेरा काउंटरच्या वरच हवा, दारावर लावून काय उपयोग?

एक कळकळीची विनंती: तूट पगारातून कापू नका. कापली त्या दिवसापासून मोजणी खोटी व्हायला लागते. पोरं कॉम्प्युटरचा आकडा बघून तोच कागदावर लिहितात, आणि तुमच्याकडे सुंदर जुळलेली वही आणि रिकामे रॅक राहतात.

आता माल आहे पण रॅकवर नाही, याकडे येतो. हा वेगळा आजार आहे, आणि गिऱ्हाइकाला दोन्हींतला फरक कळत नाही. तुम्ही लिहिलंय की डिस्ट्रिब्युटर वेळेवर माल देत नाहीत. देत नसतील. पण जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २००२ मध्ये निघाला होता. त्यात गिऱ्हाईक आलं तेव्हा वस्तू रॅकवर नसण्याचं प्रमाण सरासरी ८.३ टक्के निघालं, आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशाचं कारण दुकानाच्या आतच सापडलं: ऑर्डर चुकली, किंवा माल मागे पडून होता. डिस्ट्रिब्युटरला शिव्या घालण्याआधी माळ्यावर चढून या.

मी लावून देतो ती पद्धत अशी. दिवसातून दोन फेऱ्या, सकाळी उघडण्याआधी आणि दुपारी चारला, संध्याकाळच्या गर्दीच्या तोंडावर. हातात मोबाइल, प्रत्येक रिकाम्या जागेचा फोटो. त्यासाठी आधी एक जुनी सवय मोडावी लागते. तुमची पोरं, आणि ती मन लावून काम करणारी असतील तर जास्तच, रिकामी जागा दिसली की शेजारचा माल पसरवून ती झाकतात. रॅक भरलेला दिसतो, मालक खूश. पण जागा झाकली की भोक दिसत नाही, आणि आठ दिवसांनी तिथे कोणती वस्तू असायची ते कोणाला आठवतही नाही. तेव्हा प्रत्येक वस्तूच्या जागेखाली नावाची पट्टी चिकटवा आणि रिकामी जागा रिकामीच ठेवा. वाईट दिसू दे. वाईट दिसलं म्हणजेच भरलं जाईल.

फोटोतल्या प्रत्येक भोकाला एकच प्रश्न: कॉम्प्युटर काय म्हणतो? शून्य म्हणत असेल तर ऑर्डरचा घोळ आहे. आकडा दाखवत असेल तर आधी माळा, मग ऑफरचा रॅक, मग काउंटरखालची परत आलेल्या मालाची टोपली. सापडला तर भरण्याचा घोळ. कुठेच नाही तर भूत. भूत त्याच दिवशी शून्य करायचं आणि ऑर्डर टाकायची. तुमच्यासारख्या दुकानात ही फेरी अर्ध्या-पाऊण तासाची. दोन दिवस शटर बंद करून जे मिळत नाही ते यातून मिळतं, कारण चूक शिळी व्हायच्या आत हाती लागते.

याच्या जोडीला रोज थोडी मोजणी. साडेचार हजार वस्तूंपैकी ज्या नसल्या तर गिऱ्हाईक दुकान बदलतं, अशा तीनशे वस्तू काढा. तेल, साखर, चहा, तूरडाळ, दूध पावडर, कपड्यांचा साबण, तुमच्या गावात चालणारा मसाला. या पंधरवड्यातून एकदा मोजायच्या, म्हणजे रोज वीस-बावीस. बाकीच्या बेचाळीसशेंपैकी रोज पंचवीस. साधारण साडेपाच महिन्यांत एक फेरी होते. दोघांचं रोजचं चाळीस-पन्नास मिनिटांचं काम आहे. मोजणी पहिलं बिल होण्याआधीच करा. मोजताना विक्री चालू असेल तर मोजणीच नवी चूक तयार करते. मोजणाऱ्याच्या कागदावर फक्त वस्तूचं नाव हवं, कॉम्प्युटरचा आकडा नको. आकडा दिसला की डोळे तेवढेच नग मोजतात, माझेही मोजतात.

फरक निघाला की लगेच दुरुस्त करून मोकळे होऊ नका. पुढे कारण लिहा: काउंटर, माल उतरवणं, मास्टर, पॅकिंग, घर, फूट-एक्स्पायरी, आणि 'सापडलं नाही'. महिन्याअखेर कोणतं कारण जास्त आलं ते बघून ते एकच दार दुरुस्त करायचं. सगळी दारं एकदम धरलीत तर एकही लागणार नाही. पहिल्या आठवड्यात निम्म्या ओळी जुळल्या नाहीत तरी घाबरू नका. ३१ मार्चची मोजणी बंद करा असं मी म्हणत नाही, अखेरचा साठा सीएला लागतोच. पण रोजची मोजणी चालू असेल तर ती एका रात्रीत होते.

उणे आकड्यांबद्दल माझं मत बऱ्याच सॉफ्टवेअरवाल्यांच्या उलट आहे. ते सांगतात, स्टॉक नसेल तर बिल होऊच देऊ नका. म्हणजे बाई हातात वस्तू घेऊन उभी आहे आणि कॉम्प्युटर म्हणतो ती वस्तू नाही! मग काउंटरवरची मुलगी काय करते? त्याच किमतीची दुसरी वस्तू स्कॅन करते, आणि एका चुकीच्या दोन होतात. उणे होऊ द्या. फक्त रोज सकाळी उणे झालेल्यांची यादी काढा. ती यादी म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतःहून दिलेला कबुलीजबाब असतो, आणि प्रत्येक उण्याच्या शेजारी कुठेतरी एक भूत बसलेलं असतं.

ऑर्डरचं थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअरची महिन्याची सरासरी तशीच घेऊ नका. समजा एक किलो पोह्याची ३० दिवसांत ६० पाकिटं गेली, पण त्यातले १० दिवस पोहे नव्हतेच. मग खप रोजचा दोन नसून तीन आहे. सेल्समन मंगळवारी येतो आणि माल गुरुवारी पोचतो असं असेल तर आजची ऑर्डर नऊ दिवस पुरायला हवी, कारण पुढच्या मंगळवारच्या ऑर्डरचा माल त्यानंतरच्या गुरुवारीच येणार: २७ पाकिटं, वर तीन दिवसांचा आधार, ९. एकूण ३६. त्यातून रॅकवरचा खरा माल आणि येऊ घातलेला माल वजा करा. पगाराच्या पहिल्या दहा दिवसांत महिन्याच्या याद्या येतात, तेव्हा हा हिशेब वेगळा धरावा लागतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सणांना मात्र 'गेल्या वर्षी याच तारखेला' हे सॉफ्टवेअरचं कोष्टक साफ फसवतं. आषाढी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैला. तारखेवर विसंबून साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे मागवले तर एका वर्षी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी रॅक कोरा आणि पुढच्या वर्षी पोतं उशाला. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, तिथीप्रमाणे वहीत लिहा: एकादशीच्या आधी चार दिवस, दोन दिवस, आदला दिवस, किती गेलं. ही वही दोन वर्षांत सॉफ्टवेअरपेक्षा शहाणी होते.

आता मुलाच्या आरएफआयडीचं. पोरगा अगदीच चुकीचं बोलत नाही. डेकॅथलॉन या खेळाच्या सामानाच्या दुकानांत टोपलीत सगळं एकदम टाकलं की बिल होतं ते त्याच टॅगमुळे, आणि कपडे-बुटांच्या दुकानांत मोजणीसाठी ते खरोखर कामाचं आहे. एका डिझाइनचे सात मापं-चार रंग हातानं कोण मोजणार? पण टॅगला काही रुपये लागतात आणि तुमच्याकडे दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा आहे. शिवाय तेल, पाणी आणि पत्र्याचे डबे त्या लहरींना आडवे येतात. किराण्याला ते आज परवडत नाही. मुलाला दुसरं काम द्या: मास्टर साफ करायचं. दुहेरी नावं, खोक्यातली संख्या, जुन्या किमती, बंद झालेल्या वस्तू. पंधरा दिवस लागतील, कंटाळवाणं आहे, पण दुकानात कॉम्प्युटरला घाबरत नाही असा तोच एक दिसतोय.

आणि तुमच्या त्या चौदा पाकिटांपुरतं. त्याच कंपनीच्या २०० ग्रॅमच्या इतर मसाल्यांचे आकडे काढा, गोडा, मटण, मिसळ, जे काय ठेवत असाल ते. त्यातला एखादा उणे असेल किंवा रॅकवर कॉम्प्युटरपेक्षा जास्त निघाला, तर तुमची पाकिटं त्याच्या नावानं विकली गेली आहेत. पैसे आलेले आहेत, फक्त नाव चुकलं. कांदा-लसूणच्याच १०० ग्रॅमच्या पाकिटाचा आकडा उणे असेल तर गोष्ट बरी नाही, २०० ग्रॅमची पाकिटं १०० च्या भावानं गेली. तिथेही काही नसेल तर शेवटच्या खरेदीचं बिल काढा आणि खोक्यात किती पाकिटं आली होती ते डिस्ट्रिब्युटरला विचारा. ऑर्डर मात्र हा शोध संपायची वाट न पाहता आजच टाका.